फुलं आली आहेत, तू येऊ नकोस

प्रिय पोरी,

फोनवर तू दर वेळी बागेचं विचारतेस आणि मी "आहे, ठीक आहे" म्हणून विषय बदलते. ठीक नव्हती. तू नोकरीसाठी शहरात गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. घाणेरी माझ्या खांद्याला लागली होती, हरळीने पायवाट गिळली होती आणि जाईचा वेल मांडव सोडून न्हाणीघराच्या छपरावर चढला होता. गेल्या महिन्यात मी कोयता हातात घेतला. तुझे सासरे म्हणाले, या वयात बागेशी भांडण काढलंस, आता चहा काही वेळेवर मिळायचा नाही. मग स्वतःच बाह्या सरसावून आले आणि कंबर धरली तशी मुकाट्याने परत गेले.

हरळी फार चिवट. वरून कापली की संपली असं वाटतं, दोन दिवसांनी पुन्हा हिरवीगार. खुरप्याने खोल जाऊन एकेक मूळ ओढलं. हातांना फोड आले, पण बरं वाटत होतं. हात चालू असले की डोकं गप्प बसतं. शेजारच्या सुतारभाऊजींनी मांडवाला नवे खांब दिले. कुंपणाकडेला तू पुरलेले लिलीचे कांदे मी मेलेच समजत होते. आता ती सगळी कड पांढरी झाली आहे. गुलाब लागलाय, जाईचा वास पार रस्त्यापर्यंत जातो. सुतारीण कुंपणावरून म्हणाली, "सून यायची दिसते, म्हणून एवढा थाट." मी हसले. आत येऊन मोरीचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

सासऱ्यांचं काय सांगू? माझा मुलगा घरातून निघून गेला त्याला चार वर्षं झाली, तरी संध्याकाळच्या बसला ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. बस गेली की खुर्ची उचलतात आणि म्हणतात, "आज फारसं कुणी उतरलं नाही." तूही फोन ठेवताना हळूच विचारतेस, काही कळलं का? मी नाही म्हणते. महिन्यापूर्वीपर्यंत ते खरं होतं.

आपल्या बसचा ड्रायव्हर मला किराणा दुकानात भेटला. बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, पलीकडच्या तालुक्याला तुमच्या मुलासारखा एकजण पाहिला. सारखा नाही, तोच." डोळे तपासून येते असं सासऱ्यांना सांगून मी तिथे गेले. टायरच्या दुकानात तो ट्यूबला ठिगळ लावत होता. अंगाने भरलाय. मला पाहून त्याने आधी हात पुसले, मग खुर्ची दिली, मग चहा मागवला, जणू गिऱ्हाईकच आलंय. तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आली. तिच्या कडेवर मुलगी होती, अगदी त्याच्या कपाळाची. ती बाई त्याला मी कोण म्हणून विचारत होती आणि तो सांगत नव्हता. निघताना बसपर्यंत आला. म्हणाला, "आई, तिला सांग मी मेलो. तेच बरं पडेल."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बागेत शिरले ती यासाठीच, की तुला काय लिहायचं ते सुचत नव्हतं. मेल्याचं लिहिणं सोपं होतं. पण मग तू जन्मभर एका चांगल्या माणसासाठी रडत बसली असतीस. तो जिवंत आहे, सुखात आहे आणि यायचा नाही. त्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, घटस्फोटासाठी वकिलाला लागेल. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगेन असंही वाटत नाही. सुट्टीत येते म्हणालीस, येऊ नकोस. त्याची आई म्हणून तुझ्यासमोर उभं राहणं मला जमायचं नाही.

तुझीच, म्हणवत असेल तर,
आई