पुढचा नंबर

सोमवार, ४ मार्च

लॅबच्या साइटचं काम आजपासून माझ्याकडे. आधीचा सोडून गेला. जाताना कुणाला काही समजावून दिलं नाही, कोड तेवढा मागे ठेवला. कोड वाचला तरी काही समजत नाही, म्हणजे शेवटपर्यंत एकाच वळणाचा राहिला म्हणायचं.

फाइलींची नावं – रिपोर्ट. रिपोर्ट-नवा. रिपोर्ट-नवा-खरा. रिपोर्ट-हाच-वापरा. साइटवर चालू आहे ती यातली एकही नाही. चालू आहे ती 'चाचणी-पुसून-टाका'. बरं झालं कुणी पुसली नाही. रोज चारशे माणसं रक्त देऊन जातात आणि त्या फाइलीतून आपला रिपोर्ट बघतात.

मालक म्हणाले, "बघून ठेवा. सगळं चालतंय. फक्त हात लावू नका." ऑफिसात आम्ही चौघं त्यांना डेमोसाहेब म्हणतो. गिऱ्हाइकासमोर दहा मिनिटं नीट चाललं की त्यांच्या लेखी काम संपलं. अकराव्या मिनिटाला काय होतं ते आमच्याकडे.

मंगळवार, ५ मार्च

आज पासवर्डचं पान वाचलं. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. कुठलं चिन्ह चालत नाही हे आधी सांगायचं नाही. चुकलं की लिहिलेलं सगळं पुसायचं, म्हणजे माणसाने पहिल्यापासून भरावं. तीनदा चुकलं की खातं बंद. उघडायचं कसं, ते खात्यात शिरल्यावर लिहिलंय.

एवढा कडेकोट बंदोबस्त. आत सगळे पासवर्ड जसेच्या तसे, एका यादीत, वाचता येतील असे. पुढच्या दाराला सात कुलपं आणि मागे भिंतच नाही.

आपल्या धंद्यात हे नेहमीचं. जे दिसतं ते घट्ट करायचं. न दिसणाऱ्याची वाट लागली तरी डेमोत कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च

शनिवारी दादा आईला त्याच लॅबमध्ये घेऊन गेला होता. आई सुईला घाबरते. "तू दे, मग मी देते," म्हणाली. दादा चव्वेचाळीस वर्षांचा, गाडी चालवायला शिकवतो, घाबरलेल्या माणसांशी रोजची गाठ. त्याने बाही वर केली. दोघांनी पाठोपाठ रक्त दिलं. आईच्या रिपोर्टची लिंक माझ्या मोबाइलवर आली. साखर थोडी वर, बाकी ठीक.

आज ऑफिसात तो रिपोर्ट उघडून बघत होते, पानावर काय काय येतं त्यासाठी. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक नंबर दिसला. असा उघडा नंबर दिसला की आमच्यासारख्यांचा हात शिवशिवतो. शेवटच्या आकड्यात एक मिळवला.

दादाचा रिपोर्ट उघडला.

पासवर्ड नाही, विचारणा नाही. आईच्या खात्यातून कुणाचाही रिपोर्ट दिसतो, नंबर बदलला की झालं. हे इतकं ढोबळ भोक आहे की शिकाऊ लोकांना 'असं करू नका' म्हणून पहिल्या आठवड्यात दाखवतात. मी डेमोसाहेबांना मेल लिहायला घेतली. दोन ओळी लिहिल्या. मग परत त्या पानावर आले, कारण काहीतरी लाल दिसलं होतं.

क्रिएटिनिन ४.६. असायला हवं एकच्या आसपास.

मला याचा अर्थ माहीत नव्हता. शोधला. आता माहीत आहे. मूत्रपिंडं जवळजवळ थांबली की हा आकडा एवढा चढतो.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी दादाला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा रिपोर्ट काय आला रे?"

"झकास," म्हणाला. "आईचा काय?"

म्हणजे लपवतोय. लहानपणापासून असाच आहे. हात मोडला होता तेव्हा दोन दिवस खिशात घालून फिरला.

दुपारी डेमोसाहेबांकडे गेले. भोकाबद्दल सांगितलं, दादाबद्दल नाही. ते म्हणाले, "अहो, पण नंबर बदलत कोण बसणार आहे?"

मी म्हटलं, "मी बसले होते."

"तुम्ही इंजिनियर. साधी माणसं नाही बसत. लॅबची तक्रार आलीय का?"

तक्रार नाही. ज्याचा रिपोर्ट दुसऱ्याने वाचला त्याला ते कळतच नाही, मग तक्रार कोण करणार? हे मी बोलले नाही. आता लिहिलं.

सोमवार, ११ मार्च

डेमोसाहेबांचं मत बदललं. दुसऱ्या कुठल्या कंपनीची माहिती बाहेर फुटल्याचं त्यांनी पेपरात वाचलं. "ते तुमचं नंबरचं किती वेळाचं काम आहे?"

"दोन तास."

"या आठवड्यात उरका."

मी बरं म्हटलं. फाइल उघडली. थोडा वेळ बघत बसले आणि मिटली.

रिपोर्टांची साठवण लॅबकडे, आम्हाला नावं आणि नंबर तेवढे दिसतात; भोक बुजवलं की दादाचा पुढचा रिपोर्ट मला दिसणार नाही. तो परत तपासायला जाईल, जाणारच. काय आलं ते मला 'झकास' एवढंच कळेल. मला आकडा हवाय.

बुधवार, १३ मार्च

"झालं का?" – "चाचणी चालू आहे." खोटं नाही. कसली चाचणी, ते त्यांनी विचारलं नाही.

शनिवार, १६ मार्च

दादाकडे जेवायला गेले होते. आकडा कळल्यापासून त्याच्याकडे बघितलं की सगळं दिसतं. डोळ्यांखाली सूज. जिना चढताना एकदा थांबला. वहिनी म्हणाल्या, दमतात हल्ली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सांभाळत डाव्या सीटवर बसणारा माणूस दमेलच. पण मी आता तसं धरून चालत नाही.

त्याने जेवणावर वरून मीठ घेतलं. मी मिठाचं भांडं उचलून माझ्या बाजूला ठेवलं. त्याने हात लांब करून परत घेतलं. मी परत उचललं.

"बारके, तुला काय झालंय?" तो म्हणाला.

"मीठ वाईट असतं."

"मग तू कशाला घेतेस?"

वहिनी भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, "काही बोलायचं होतं का तुम्हाला? आज सारख्या त्यांच्याकडे बघताय." मी म्हटलं, नाही हो, केस पांढरे झालेत ते बघत होते. त्यांना पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

सांगायचं तर काय सांगणार? की तुमच्या नवऱ्याचा रिपोर्ट मी चोरून वाचला. ज्या भोकाबद्दल मी ऑफिसात तावातावाने बोलले, त्यातून. ते बुजवायचं काम माझ्याकडे आहे आणि मी बुजवत नाहीये. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

रविवार, १७ मार्च

माणसाला मूत्रपिंडं दोन असतात, एकावर भागतं. म्हणजे माझ्याकडे एक जास्तीचं आहे. आमचा रक्तगट एक आहे. आईला विचारून खात्री केली. "कशाला हवंय?" म्हणाली. फॉर्म भरायचाय म्हटलं.

बुधवार, २० मार्च

रोज सकाळी दादाच्या नावाने शोधते, नवा रिपोर्ट आलाय का. नाही. त्याचा जुनाच उघडून बघते. दुसऱ्या कुणाचा मी उघडत नाही. एवढं तरी पाळलंय.

आधीच्याची एक खोड सापडली. कुठे काही बिघडलं की साइट ओरडते, म्हणजे ओरडायला हवी. याने जागोजागी तिचं तोंड दाबलंय. बिघडलं तर काही करू नका, पुढे चला. एकशे चौदा ठिकाणी. मी मोजली. म्हणूनच 'सगळं चालतंय'. आतल्या आत काय काय मोडतं याचा कुठे मागमूस नाही.

अशा माणसाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. पण मग दोन आठवडे मी काय करतेय? बिघडलंय ते बघतेय आणि पुढे चालतेय.

शुक्रवार, २२ मार्च

दादाला म्हटलं, माझा हात सुटलाय, एकदा गाडी चालवून घे. संध्याकाळी त्याच्या शिकवायच्या गाडीत बसलो. त्याच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक. शाळेमागच्या रिकाम्या रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या. आज बोलायचंच असं ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझी एक घे."

"एक काय?"

"किडनी."

त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. मागे कुणी नव्हतं ते नशीब.

मग सगळं सांगितलं. नंबर, आकडा, पंधरा दिवस. चोरून वाचल्याबद्दल तो मला झापेल असं वाटलं होतं.

"कुठला रिपोर्ट?" म्हणाला.

"तुझा. झकास म्हणालास तो."

"अगं, मी बघितलाच नाही. आईच्या सोबतीला दिलं होतं रक्त. तुमच्या त्या साइटने मला आत घेतलं कुठे? पासवर्ड दे म्हणाली, दिला. मोठं अक्षर दे, दिलं. चिन्ह दे, दिलं. हे चिन्ह नको. तिसऱ्या वेळी खातंच बंद. मी म्हटलं, मरू दे. मला काय धाड भरलीय?"

मी मोबाइल काढून दाखवला. त्याने वाचलं. एकदा, मग चष्मा लावून परत.

"म्हणजे तुला पंधरा दिवस माहीत होतं," तो म्हणाला, "आणि तू मीठ लपवत होतीस?"

जागा बदलून घरापर्यंत गाडी त्याने चालवली. वळणावर दिवा दाखवायला विसरला. दादा दिवा विसरत नाही.

शनिवार, २३ मार्च

सकाळी सातला मोठ्या दवाखान्यात. मी, दादा, वहिनी. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे. रक्त घेणाऱ्याने विचारलं, रिपोर्ट मोबाइलवर हवा की कागदावर? तिघंही एकदम म्हणालो, कागदावर.

दुपारी चारला कागद मिळाला. क्रिएटिनिन ०.९.

डॉक्टरांनी परत तपासायला लावलं. परत ०.९. सोनोग्राफीही केली. "दोन्ही उत्तम आहेत," म्हणाले. "आधीचा रिपोर्ट कुणी दिला?" दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसून रडल्या. मग माझ्याशी बोलल्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही, पण एकही शब्द खोटा नव्हता.

रविवार, २४ मार्च

घरूनच भोक बुजवायला बसले. एक तास चाळीस मिनिटं लागली. अंदाज बरोबर होता.

बुजवता बुजवता दादाच्या आकड्याचं कोडंही सुटलं. लॅबमध्ये नावं लिहून घ्यायच्या खिडक्या दोन. रक्ताच्या प्रत्येक बाटलीला नंबर मिळतो, पत्त्याच्या पट्टीतल्या रिपोर्टच्या नंबरापेक्षा वेगळा. शेवटचा नंबर कुठला दिला हे आधीच्याने एकाच जागी लिहून ठेवलंय, दोन्ही खिडक्यांना मिळून एकच पाटी. दोन माणसं एकाच मिनिटाला आली की एक खिडकी पाटीवर लिहिते, दुसरी ते पुसून आपलं लिहिते, आणि पहिलीला दुसरीचा नंबर मिळतो. २ मार्चला दादाचं तेच झालं. त्याच्या नावावर दुसऱ्याची बाटली.

असं होतं हे आधीच्याच्या लक्षात आलं होतं. त्याने एक ओळ घातलीय – नंबर आधीच वापरला असेल तर एकाने मागे जा. शेजारी टीप – 'कधीकधी होतं. का ते माहीत नाही. आता चालतंय.'

११ तारखेला काम केलं असतं तर हे ११ तारखेलाच दिसलं असतं.

दादाला फोन करून सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, "म्हणजे माझ्यात काही खराबी नाही, तुमच्यात आहे." काय झालं होतं ते आईला आजच सांगितलं. तिने देवाचे आभार मानले आणि मला दोन शिव्या दिल्या. सगळे हसलो. पंधरा दिवसांनी नीट जेवले.

सोमवार, २५ मार्च

सकाळी दात घासताना लक्षात आलं. ती मागे जाणारी ओळ. दादाला दुसऱ्याची बाटली मिळाली, मग दुसऱ्याला एकाने मागे जाऊन दादाची मिळाली.

बुजवलेलं अजून साइटवर चढवलं नव्हतं, त्याच भोकातून दादाच्या पुढच्या नंबरचा रिपोर्ट उघडला, त्याच मिनिटाला दुसऱ्या खिडकीवर आलेल्याचा. आजपर्यंत उघडला नव्हता. तो माझा सभ्यपणा आहे असं समजत होते.

बाई. वय चौतीस. क्रिएटिनिन ०.९. सगळं ठीक, हिरव्या अक्षरांत.

लॅबच्या डॉक्टरबाईंसमोर बसून फोन लावला. त्यांनी सांगितलं, रिपोर्टमध्ये गोंधळ झालाय, आजच्या आज या. ती बाई म्हणाली, "पण माझा तर छान आलाय. म्हणून तर गोळ्या बंद केल्या ना मी."