साध्या हवेतलं भात

१२ जुलै ८५
लावणी झाली. सहा खोपी. बांबूची चौकट, भोवतीनं प्लास्टिक, वरनं उघड्या. आत कुंड्या, कुंड्यांत भात. बी आमच्या चंदगडचं, मीच आक्काकडनं आणलं. तीन खोपींत गॅस सोडायचा, तीनात साधी हवा. गॅस सोडावॉटरच्या कारखान्यातला. मागं सहा म्हयनं मी तिथं बाटल्या भरत होतो, सिलिंडरची चावी हाताळता येती, म्हणून कॉलेजच्या बाईंनी मला ठेवून घेतलं. बाई झाडांचं शास्त्र शिकवतात, पीएचडी करतात. जागा कॉलेजची, बावड्याच्या रस्त्याला. एकाच पावसाळ्यापुरती. पुढं तिथं होस्टेल हुणार.
माळी रामूतात्या म्हणाला, पावणं, भाताला सोडा पाजून ढेकर काढायचा हाय व्हय?

१५ जुलै
बाईंना विचारलं, हे कशासाठी. म्हणाल्या, कारखान्यांच्या चिमण्या, मोटारी, कोळसा, जंगलं जाळणं, सगळ्यातनं हा गॅस हवेत वाढत चाललाय. जगभर. झाडं त्याच्यावरच वाढतात. मग तो वाढला तर पिकाचं बरं हुईल का वाईट, ते बघायचं. नातवंडांच्या वेळची हवा आपण आत्ताच करून बघतोय म्हणाल्या.
गॅसच्या खोपीत जाऊन उभा राहिलो. वास न्हाय, काय न्हाय.
एकच ताकीद, सहाही खोपींना सगळं सारखं. पाणी मगानं मोजून.

५ ऑगस्ट, सोमवार
दर सोमवारी मोजमाप. बाई फुटवे मोजतात, मी आकडे लिहितो. सातवी नापास, पण आकडा चुकत न्हाय. गॅसवाल्याला फुटवे जास्त, पानं रुंद. साध्या हवेतलं मागं. बाई खूश. मला बघवलं न्हाय. एकाच बियाचं, एकाच दिवशी लावलेलं, आणि एक अंग धरतंय, दुसरं तोंड पाडून उभं.
इथं मन लागंना. घरीबी लागत न्हवतं. गोव्याला बोटीवर माणसं घेत्यात म्हणं.

११ ऑगस्ट
तात्याच्या खोलीत युरियाचं पोतं हाय. साध्या हवेच्या तिन्ही खोपींत कुंडीला चिमूट चिमूट टाकला. आमच्याकडं खाचराचा कोपरा मागं पडला की आई न बोलता तिथं शेणखताची एक पाटी जास्त टाकती. कुणी सांगावं लागत न्हाय. बाई 'सगळं सारखं' म्हणाल्या ते पाण्याचं. त्यांना सांगितलं न्हाय. सांगण्यासारखं काय हाय त्यात.

२५ ऑगस्ट
परत चिमूट चिमूट. पहिल्या चिमटीनं पानं काळीभोर हिरवी झाल्यात. आज जेवण गोड लागलं.

९ सप्टेंबर, सोमवार
बाईंनी दोनदा मोजलं. फरक गेला. एका खोपीत तर साध्या हवेतलंच वरचढ. गॅस गळतोय का बघ म्हणाल्या. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, कुठं बुडबुडा न्हाय. बाई कुंड्यांजवळ उकिडव्या बसून राहिल्या, पदर चिखलात.
"सगळं सारखं ठेवलं होतं रे आपण."
तेव्हा कळलं. सारखं म्हणजे सगळंच सारखं. साबणाचं पाणी हातात घेऊन तसाच उभा.

१० सप्टें.
सांगणार होतो. बाई आल्या, वही उघडली, नळ्या परत बघ म्हणाल्या. परत बघितल्या. नळ्यांत काय न्हाय हे ठाऊक असून.

१४ सप्टें.
आजबी न्हाय.

२० सप्टें.
रामूतात्याला सांगितलं. तो आधी हसला, मग पोत्याकडं बघून हसायचा थांबला. गप बस म्हणाला, युरिया माझ्या ताब्यातला, माझंबी नाव यील. बाईंचं काय, लावतील पुढच्या पावसाळ्यात परत. म्हणलं, पुढच्या पावसाळ्यात इथं होस्टेल. तात्यानं बिडी पेटवली.

२९ सप्टें., रविवार
पिशवी भरून स्टँडवर गेलतो. पणजी गाडी लागलेली. खिडकीजवळ बसलो. हॉटेल सोडलं, गुऱ्हाळ सोडलं, सोड्याचा कारखाना सोडला. तिन्ही वेळा कुणाला न सांगता. हे चौथं. ड्रायव्हर चढला आणि मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, जायचं न्हाय तर जागा कशाला अडवलीस? का उतरलो ते…

२८ ऑक्टोबर, सोमवार
कापणी आठवडाभर चाललीय. एकेका कुंडीचं भात काढून वाळवून वेगळं तोलायचं. कालपर्यंतची वजनं बाईंनी मांडली. दोन्हीकडं जवळजवळ सारखं. दिवाळीच्या सुट्टीत लिहून छापायला पाठवणार, गॅस वाढला तरी भाताला फरक पडत न्हाय म्हणून.
मी विचारलं, "मग आमच्या चंदगडच्या भाताचं काय हुईल?"
"काही होणार नाही, असं दिसतंय. चांगलंच आहे की."
पहिल्यांदाच जरा हसल्या, इतक्या दिवसांनी. हे छापून यील. लांब कुठंतरी कुणी वाचंल, खरं धरंल, त्याच्यावर पुढचं लिहील. आक्काचं खाचर, तिच्या पोरांचं खाचर. आणि त्यात माझी चिमूट.

३० ऑक्टो.
सांगितलं. सकाळी, बाई दाणे कागदी पुड्यांत भरत होत्या तेव्हा. सगळं एका दमात. त्यांनी हातातली पुडी भरून पुरी केली, दोरा गुंडाळला, नंबर घातला. मला वाटलं आता हाकलतील. तात्याचं नाव घेतलं न्हाय, पोतं तिथं होतं एवढंच म्हणलं.
मग एकेक विचारलं. कुठल्या खोपी? किती? कुठल्या दिवशी?
म्हणलं, दोन्ही तारखा लिहिलेल्या हायत.
"कुठे?"
"माझ्या वहीत."
मग स्वतःशीच बोलल्यागत म्हणाल्या, साध्या हवेतलं युरियानं एवढं चढलं, मग तोच गॅसवाल्याला मिळाला असता तर? मला कळलं न्हाय. मला विचारलंबी न्हवतं.
निघताना म्हणाल्या, "वही उद्या आण." राग दिसला न्हाय. तेच जड गेलं.

३१ ऑक्टो.
सकाळीच खोपींजवळ येऊन बसलोय. प्लास्टिक काढलंय, नुसते बांबू उभे. तात्याकडनं एक कागद घेतला. दोन तारखा त्यावर उतरवून द्यायच्या, वही माझी मला. बाईंना तारखाच हव्यात. पण मग मधलं दिसायचं न्हाय. दहा तारीख, चौदा तारीख, पणजीची गाडी. नळ्यांत काय न्हाय हे ठाऊक असून त्यांच्यासमोर साबण लावत बसलो ते. वाचल्यावर परत कुंडीला हात लावू देतील का. न वाचता लावू दिला तर मी कुठल्या तोंडानं लावू.
तात्याचंबी नाव हाय आत. ते खोडता येतं. पण खोडलं की दिसतं.
फाटक वाजलं. बाईच. कागद अजून कोरा.