शेवटच्या भागाची पानं

प्रिय धाकटे,

तू वहिनीच्या अंत्यविधीला का आली नाहीस, हे विचारायला मी लिहीत नाही. तो प्रश्न मी कुणालाच विचारू दिला नाही. मावशीनं दारातच "नणंदबाई कुठे दिसत नाहीत?" म्हणून सुरुवात केली, तेव्हा मी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि तिथून उठलो. मला पत्रं लिहिता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. सगळं आयुष्य स्टुडिओच्या काचेमागे बसून दुसऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करण्यात गेलं. पण फोन केला तर माझं खाकरणं ऐकूनच तू ठेवून देशील.

घर ठीक आहे. तिचे कपडे आवरले. टेबल मात्र आवरवत नाही. तिच्या खुर्चीसमोर तुझी खुर्ची अजून तशीच तिरकी आहे, कारण तू कधी सरळ बसलीच नाहीस. त्या टेबलावर तुम्ही दोघींनी रेडिओच्या मालिकांसाठी जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या किती बायका इथल्या स्पॅनिशमध्ये आणल्या याचा हिशेब नाही. राजधानीतल्या गुळगुळीत स्पॅनिशमध्ये नाही, तर आपल्या रेडिओचे श्रोते स्वयंपाक करताना जी बोलतात तिच्यात. वहिनी तुला इंग्रजी शब्द सांगायची नाही, बाईच सांगायची. नवरा गेलाय, मिळकत राहिलीय, सुनेला वाड्यात वाऱ्याला उभं करत नाही, अशा बाईला काय म्हणशील? तू म्हणायचीस, "म्हणजे आपली तळमजल्यावरची मालकीण," आणि तिला 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणून मोकळी व्हायचीस. 'डॅम्सेल'साठी तिनं 'दोन्सेया', म्हणजे कुमारिका, असं लिहिलं तेव्हा तू म्हणालीस, "वहिनी, असं आता फक्त संगमरवरी पुतळ्याखाली लिहितात. हिला तोंड धुवायला लाव आणि साधी पोरगी, 'मोसा' म्हण." दोघी हसायचात. मी शेजारच्या खोलीत टेप जोडत बसलेला असायचो.

एकदा तूच विचारलं होतंस की इंग्रजांनी बाईसाठी एवढे शब्द का करून ठेवले. लग्नाआधीची, लग्न न झालेली, नवरा मेलेली, नवऱ्याची मिळकत राखणारी, दुसऱ्याची मुलं शिकवणारी. आणि पुरुष म्हणजे नुसता पुरुष. वहिनी म्हणाली, "इंग्रजांनीच कशाला, आपल्याकडे काय कमी आहेत?" त्या दिवशी तुम्ही फारसं काम केलं नाहीत.

मग या मालिकेतली आत्या आली. बिनलग्नाची, पन्नाशीची, भावाच्या घरी राहणारी. इंग्रजीत तिच्यासाठी 'स्पिन्स्टर' असा कागदोपत्री शब्द आहे, कोरडा आणि थंड. वहिनी त्यावर अडून बसली. 'सोल्तेरोना', म्हणजे घोडनवरी, तिला फार थट्टेचं वाटलं. शेवटी तिनं लिहिलं 'केदादा', मागे राहून गेलेली. वकील विचारतो आपण कोण, आणि आत्यानं खाली मान घालून म्हणायचं, मी केदादा. आत्याचं काम तुझं, म्हणजे ते तुझं वाक्य होतं.

रेकॉर्डिंगला तू वाक्य वाचलंस आणि थांबलीस. माझ्यासमोरचा आवाज मोजणारा काटा शून्यावर आला. एरवी तिला 'तू' म्हणणारी तू, त्या दिवशी 'तुम्ही'वर गेलीस. "वहिनी, जिन्यात माझ्या पाठीमागे जे बोलतात, तेच तुम्ही माझ्या तोंडी घातलंत." ती म्हणाली, "म्हणूनच घातलं." असं म्हणायला नको होतं. पण ती तशीच होती, जिभेला हाड नाही. तू पानं स्टँडवर ठेवलीस, हेडफोन त्यांवर ठेवलास आणि गेलीस. मायक्रोफोन चालूच होता. दार लागल्याचा आवाज टेपवर आहे. मी तो पुसलेला नाही.

त्यानंतर ती आजारी पडली, आणि किती भराभर खालावली, ते तुला कुणीतरी कळवलंच असेल. दवाखान्यात मी तिला म्हणालो, एकदा माफी माग, शब्द बदल, विषय मिटेल. ती म्हणाली, माफी मागीन, शब्द बदलणार नाही. तो टोचायलाच हवा. आणि का ते तुला सांग म्हटलं तर, "ते सांगितलं तर शेवट सांगावा लागेल." तुम्हा दोघींचा तो नियम. पुढच्या भागाची पानं रेकॉर्डिंगच्या सकाळपर्यंत तुला दाखवायची नाहीत, म्हणजे पुढे काय होणार ते आवाजाला आधी कळत नाही. नियम तूच घातलेला, पाळला मात्र तिनं. ती वाट बघत होती की राग उतरला की तू येशील आणि शेवटच्या भागाची पानं स्टँडवर पाहशील. तुमच्या दोघींच्या हट्टात वेळ संपून गेला.

मी आज तो नियम मोडतो आहे. शेवटच्या भागात मिळकतीचे कागद वाचले जातात. वकील आत्याचा उल्लेख घाईनं, खालच्या आवाजात उरकतो. आणि आत्या म्हणते, "तो शब्द मोठ्यानं वाचा वकीलसाहेब, मागच्यांना ऐकू गेला नाही." तो वाचतो. मग ती विचारते, "माझ्या दुसऱ्या भावाचंही लग्न झालेलं नाही. त्याला काय लिहिलंय?" वकील कागद उलटतो, पालटतो. लिहिलेलं असतं, सद्गृहस्थ. बाकीचं मी सांगत नाही. सांगितलं तरी माझ्या तोंडून ते मेलेलं वाटेल. वहिनीनं ते सगळं पान तुझ्या श्वासाच्या मापानं लिहिलंय. तू कुठे थांबतेस, कुठे वाक्य गिळतेस, सगळं. हस्तलिखित वाचताना मला तुझाच आवाज ऐकू येत होता, आणि मी काही नाटकवेडा माणूस नाही.

लिहायचं कारण आता सांगतो. येत्या सोमवारी सकाळी उरलेले भाग रेकॉर्ड करायचे आहेत. संचालकांनी तुझ्या जागी दुसरी बाई बघून ठेवली आहे. आवाज चांगला आहे तिचा. तिनं पानं चाळून सांगितलं की हा शब्द फार बोचतो, तिथे नुसतं 'बाई' म्हणू या, आणि कागद वाचायचा प्रसंगही थोडा आटोपता घेऊ. संचालकांना पटलं. ते काल माझ्याकडे या बदलांवर सही घ्यायला आले, कारण मजकुराचे हक्क आता माझ्याकडे आहेत. मी त्यांना सांगितलं की सहीची गरज नाही, सोमवारी माझी बहीण येते आहे, तिचं माझं बोलणं झालं आहे. असं काही झालेलं नाही, हे तुलाच माहीत. इतकं सराईत खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो, आणि बोलल्यावर मला जरा बरंच वाटलं. त्यांनी दुसऱ्या बाईला नको म्हणून कळवलं आहे. तू वहिनीवरचा राग सोडू नकोस, तुझा हक्क आहे तो. रागातच ये, ते वाक्य रागातच बोल. तिला तसंच हवं होतं. नाही आलीस तर सोमवारी स्टुडिओत मी असेन, वकिलाचं काम करणारे काका असतील, आणि मी संचालकांना सगळं खरं सांगेन. पण सही देणार नाही, मग ते नोकरीवर ठेवोत न ठेवोत. पानं सोबत जोडलेली नाहीत. ती इथेच मिळतील, तुझ्या स्टँडवर, सकाळी.

तुझाच,
दादा