पुलीवरची खोटी खाच

वस्ताद,

सायकलच्या पंपातला चामड्याचा वॉशर उलटा घालून केलेला व्हॅक्यूम पंप. फोटो स्टुडिओनं भंगारात काढलेल्या फ्लॅशच्या नळीचा टायमिंग लाइट. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून, आत बोल्ट आवळून केलेला पिस्टनचा अडसर. ऑइलच्या डब्याच्या पत्र्यावर आखलेली अंशांची पट्टी. एक रेघ केसभर चुकली म्हणून दोन पत्रे फेकले. हे सगळं मी माझ्या हातानं केलंय, आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही तर नाहीच. सुप्यात माझ्या गॅरेजवर आजही कुणी म्हणतं, हा पारनेरच्या वस्तादांच्या हाताखालचा. मी दर वेळी सांगतो, हाताखाली होतो. शिकलो माझा मी.

तुमची गाडी महिनाभर माझ्या दारात उभी आहे. लष्कराच्या लिलावातला तोच पेट्रोलवर चालणारा ट्रक, ज्याच्याबद्दल तुम्ही चारचौघांत सांगायचा, "ही माज्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई." तुमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, ती विकायला काढलीय आणि घाट चढली तरच घेणार, असं गिऱ्हाईक म्हणतंय. काकू स्वतः आल्या होत्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "त्यांच्यावरचा राग ठिव तुजा तू. गाडीनं काय केलंय?" मी कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली मागून घेतली.

उभ्या उभ्या इंजिन गोड चालायचं. ओझं घेतलं की मात्र अर्ध्या एक्सलेटरला दम टाकायचं आणि तापायचं. पहिला संशय व्हॅक्यूमच्या डब्यावर. हलक्या पायाला ठिणगी जरा आधी पडावी म्हणून इंजिनच्या ओढीनं त्यातला रबरी पडदा मागं सरकतो. नळी तोंडात धरून हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. जीभ चिकटायला हवी होती, चिकटली नाही. पडदा फाटलेला. डब्याची दुमडलेली कड सोडवून पेट्रोल पंपाच्या पडद्याचं कापड बेतून बसवलं. माझ्या पंपानं ओढ दिली, काटा दहा मिनिटं हलला नाही. तरी गाडी तापतेच. टायमिंग लाइट लावला तर ठिणगीची वेळ दाखवणारी पुलीवरची तुमची खाच बरोबर काट्यासमोर, जराही हलत नव्हती. सगळं बरोबर, आणि गाडी चूक.

तेव्हा मला तो दिवस आठवला. आठवला कसला, तो कधी गेलाच नव्हता. टायमिंग लावायच्या वेळेला तुम्ही सगळ्यांना चहाला पिटाळायचा आणि आम्ही परत येईपर्यंत बॉनेट खाली. सहा वर्षं. मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा, लग्न ठरलेलं. मंडपवाला शेठ हसत हसत बोलून गेला होता, "वस्ताद, तुमच्यापरीस ह्याचा हात हलका हाय." तुम्हीही हसलात. आठ दिवसांनी त्याच शेठचा मंडप ह्याच गाडीतून राजूरला न्यायचा होता. तुम्ही माझ्यासमोर पाना टाकलात. "आज तू लाव. खुनंवर लाव, इकडं न्हाई का तिकडं न्हाई." मी ठिणगीची वेळ दाखवणारा बल्ब जोडून, श्वास धरून खुणेवर लावलं. मला वाटलं होतं, आज मला घरात घेतलं.

चंदनापुरीच्या घाटात गाडी उकळली. एक्झॉस्ट लाल झाला होता. वऱ्हाड राजूरला उन्हात आणि मंडप घाटात. तुम्ही मोटारसायकलवर आलात, आम्हाला खाली ओढ्यावरून पाणी आणायला पाठवलंत. येतो तर गाडी सुरू. मग शेठसमोर, क्लिनरसमोर, हॉटेलवाल्यासमोर तुम्ही म्हणालात, "ह्याच्या कानात मेन हाय. खून दिली तरी घावत न्हाई ह्याला." तेव्हापासून मी मेणकान्या. लग्नात, उखाण्यातसुद्धा कुणीतरी ते नाव घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी गॅरेज सोडलं, आणि इतकी वर्षं मनात एकच: चूक माझी होती का? माझा हात हलला होता का?

परवा मी तुमच्या खाचेवर विश्वास ठेवणं सोडलं. पहिला प्लग काढून अडसर बसवला. पुली हातानं सुलटी फिरवली, अडली तिथं रेघ मारली. उलटी फिरवली, अडली तिथं दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टन नेमका वर. तो मध्य तुमच्या खाचेपासून चौदा अंश लांब निघाला. त्या जागी रंग खरवडला तर खालून पितळ चमकलं. कारखान्याची मूळ खूण तुम्ही पितळेनं भरलीत, कानशीनं सपाट केलीत, वर रंग दिलात. मग चौदा अंश पलीकडं छिन्नीनं नवी पाडलीत. छिन्नी तुमचीच, तिचा कोपरा तुटका होता, प्रत्येक घावाशेजारी बारीक दुसरी रेघ उमटायची. तुमच्या प्रत्येक पान्यावर तशीच रेघ आहे.

म्हणजे मी लावलं ते बरोबर होतं. तुम्ही दाखवलं ते चूक होतं, आणि ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. त्या खाचेवर कुणीही लावलं असतं तरी ठिणगी उशिराच पडली असती आणि घाटात गाडी शिजलीच असती. तुमच्याबिगर ती कुणाचं ऐकणार कशी? कला होती तुमच्याकडं, ती मी नाकारत नाही. पण कला असलेल्या माणसाला खोटी खूण कशाला लागते, वस्ताद? ते पितळ भरताना तुमचा हात किती सफाईनं चालला असेल, याचाच मला जास्त राग येतो.

मूळ खूण मी कोरून पांढरी केली. खोटी बुजवली नाही. पुरावा आहे तो. काल गाडी भरून घाट चढवली. वर पोचल्यावर पाण्याच्या उष्णतेचा काटा निम्म्यावरच होता. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते आसते तर खूश झाले आसते." मी "व्हय" म्हणालो, बाकी काही सांगितलं नाही. ज्याला सांगायचं, तो नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून टाकतो. नगरच्या दवाखान्यात शेवटचं बोलावलंत, तेव्हा मी आलो होतो, पण बसलो नाही. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही म्हणालात, "गॅरेज घे. जमंल तसं दे. अन् जरा बस, त्या गाडीचं एक सांगायचंय." मी म्हणालो, "मेणकान्याला काय सांगता," आणि जिना उतरलो. काय सांगायचं होतं ते मला आता माहीत आहे, निदान तसं वाटतं. जागा, लेथ आणि भिंतीवरची सगळी अवजारं मिळून तुम्ही त्याच वेळी वीस हजार म्हणाला होतात; नुसत्या लेथलाच त्याहून जास्त आले असते. मी नको म्हणालो.