मांडी जगाला दिसली ती दिसली

प्रिय भांडकुदळे,

नाही, फुलांनी भाजलेलं बरं होत नाही. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवते. काल त्या शेकायच्या पिशवीच्या कंपनीचा माणूस हा एवढा गुच्छ घेऊन आला आणि शिलाई मशीनवरच ठेवला. गिऱ्हाइकाचं अर्धं शिवलेलं कापड भिजलं.

तुझ्यावर तर राग होताच. शेकायची रबरी पिशवी फाटली, मांडी भाजली, मलम लावलं, विषय संपला. तू मात्र त्या मांडीचा फोटो फोनवरून जगभर लावलास! भाजीवालासुद्धा विचारतो, मावशी, फोड बसले का? जन्मभर घोटा कुणाला दिसू दिला नाही मी. म्हणून परवा तोंड सोडलं, फोटो आत्ताच्या आत्ता उतरव म्हटलं. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. बापाचा हेका घेतलायस नुसता.

आधी कंपनीला फोन करकरून थकलीस, तेव्हा मेल्यांनी ताटकळत ठेवून नुसती गाणी ऐकवली. फोटो लागला तशी माझी आठवण आली. चव्हाट्यावर बोंब मारल्याशिवाय यांचे कान उघडत नाहीत, हे तुझं खरं. पण कान उघडले म्हणून अक्कल आत शिरतेच असं नाही.

माणूस गोड हो. मावशी, मावशी करत पाया पडायचाच बाकी होता. नवी पिशवी दिली. सुधारलेली आहे म्हणे, आता ताईंना तेवढा फोटो उतरवायला सांगा. मी चहा ठेवला. रोज घेते तसंच गरम पाणी पिशवीत भरलं, बूच आवळलं आणि म्हटलं, घ्या मांडीवर, चहा होईस्तोवर शेका. तर तो ताडकन उभाच राहिला! चहा न घेता गेला. गुच्छ तेवढा माझ्या गळ्यात.

शेजारची सून आता बाळंतपणाला टेकलीये. बाळाचं अंथरूण ऊबदार करायला तिनं याच कंपनीची पिशवी आणून ठेवली होती. फोटो बघून दुकानात परत देऊन आली, आज जिन्यात सांगत होती. म्हणून लिहायला बसले. फोटो उतरवू नकोस. ती पिशवी दुकानांतून जाईस्तोवर राहू दे माझी मांडी तिथे. माफीबिफी मागतेय असं समजू नकोस. फोन उचल, पण या फोटोवरून एक अक्षर काढू नकोस. मी त्यावर बोलणार नाही.

तुझीच, अजून रागावलेली,
आई