आंबट मातीतली अझालिया

७ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्याची पट्टी सुटली की हे वाच. तू दवाखान्यात होतीस ते नऊ दिवस तुझ्या अझालियांची राखण करून काल घरी परतलो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलास आणि निवृत्तीनंतर जमीन घेतलीस ती अशी? मुठीत धरली तर बोटांतून गळते. माती तपासणाऱ्यानं कागदावर ‘आम्लधर्मी’ लिहून दिलंय, म्हणजे चक्क आंबट. असल्या रेतीत लोक शेंगदाणे भाजतात, तू फुलझाडं लावतेस. म्हणून दोन पोती चुना वाफ्यांवर पसरून आलोय. आभार मानायची घाई नको.

तुझी वहिनी गेल्यापासून वरची खोली रिकामीच आहे. हौस फिटली की ये.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही वाढावी.

तुझा दादा

१६ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

महिनाभर शेजारणीकडे पडून होते. परवा बागेत आले तर सगळं पिवळं. आधी वाटलं, डोळाच बिघडला. साठांपैकी एकोणचाळीस झाडं गेली. दादा, अझालियाला आंबटच माती लागते. मुळं वरवर असतात, पाणी साचलं की कुजतात, म्हणून रेती. ही जमीन मी वर्षभर हिंडून शोधली होती. तू बांधकाम खात्यात जन्म काढलास, दिसेल तिथे चुना फासायचा, एवढंच तुला येतं. कोपऱ्यातलं एक तेवढं हिरवं होतं, ते सोडून उरलेली झाडं शेजारणीनं उपटून, मुळं धुऊन कुंड्यांत लावली.

रोपवाटिकेचा मालक म्हणतो, चुना टाकण्याआधी तू त्याला विचारायला गेला होतास. त्यानं काय सांगितलं, ते तुझ्या हातानं लिहून पाठव.

लोभाचं त्यानंतर बघू.

धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद. अनेक उत्तम लिहायला हात धजत नाही.

तो म्हणाला होता, चुन्यानं झाडं मरतील. मी ऐकलं आणि पोती उचलली. वाटलं, बाग बसली की तू मुकाट्यानं माझ्याकडे राहायला येशील. इथे दिवसभर रेडिओशिवाय कोणी बोलत नाही. कोपऱ्यातल्या एका झाडाला कळ्या होत्या, तिथे मात्र टाकला नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

दादा

२ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

कोपऱ्यातलं ते झाड फुललंय. बघून आणखीच संताप आला. म्हणजे हात आवरता येत होता तुला. एकटं वाटतं, एवढं पोस्टकार्डावर मावलं असतं. त्यासाठी एकोणचाळीस झाडं मारायची गरज नव्हती.

मी तिकडे राहायला येणार नाही, हे पक्कं समज. वाफ्यांतली वरची रेती खरवडून फेकायची आहे, ओढ्यापलीकडून नवी आणायची आहे, आणि मला अजून दोन महिने वाकायची मनाई आहे. तेव्हा तू ये. शेजारणीला सगळं सांगितलंय, ती तुझ्याशी धड बोलणार नाही. मीही फारशी बोलेन असं नाही, पण जेवायला समोर बसेन.

अंथरूण घेऊन ये. खाट एकच आहे आणि ती माझी आहे.

धाकटी