साखरेची तालीम

बाबा, परवा तुमच्या लेकीच्या साठीला ग्लासगोला गेलो होतो आणि तिनं ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. भोवती तिची कॉलेजातली जुनी मंडळी, आता सगळी पेन्शनीत निघालेली. "माय डॅड ट्रेन्ड मी," अशी ती सुरुवात करते आणि मग एक खुर्ची ओढून तुमची नक्कल करते. मी स्वयंपाकघरात समोसे गरम करत होतो. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत, दार बंद असलं तरी पलीकडचं ऐकू येतं. धंद्यात त्याचा फार उपयोग झाला, पण ह्या गोष्टीपुरते ते जरा कमी तिखट असते तर बरं झालं असतं. तीन कॅफे चालवून, विकून निवांत झालेला मी म्हातारा माणूस, ओव्हनमधला ट्रे हातात धरून धाकट्या बहिणीवर जळत उभा होतो. हात भाजतोय हे नंतर कळलं.

तो रविवार मला अजून चालू असल्यासारखा दिसतो. मी कामाला आहे त्या चिप शॉपमधून, तळलेल्या मासे-बटाट्यांच्या दुकानातून, थेट तुमच्याकडे जेवायला आलोय, कपड्यांना व्हिनेगरचा वास आहे. जिन्यातच तुमचा आवाज ऐकू येतो, पण शब्द तुमचे नाहीत. मांजराला बाजूला करतानासुद्धा सॉरी म्हणणारे तुम्ही कुणाला तरी इंग्रजीत दरडावताय, की ऊठ, तुझ्यासारख्यांना इथे जागा नाही, आलीस तिथे चालती हो. दार ढकलतो तर धाकटी खुर्चीवर ताठ बसलेली, दोन्ही हात टेबलावर, आणि तुम्ही तिच्या डोक्यावर साखरेचा डबा उपडा करताय. मी धावत जाऊन तुमचं मनगट धरलं.

"अरे दादा, सोड त्याला," ती म्हणाली. तिचं मराठी इथेच जन्मलेलं, बापालाही अरेतुरे. "रिहर्सल आहे. उद्या आम्ही बँकेत बसणार." दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारला पैसा पुरवते म्हणून त्या बँकेच्या शाखेत जाऊन तिच्या युनिव्हर्सिटीची मुलं जमिनीवर बसणार होती. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "साखर कोण झाडणार आहे तेवढं आधी ठरवा." तुम्ही हसलात आणि तिच्या केसांतून एकेक दाणा बोटांनी झाडायला लागलात.

मग जेवताना तुम्ही ते सांगितलंत, जे मी तिशीला आलो तरी मला कधी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत, दक्षिणेतल्या काळ्या मुलांच्या कॉलेजात तुम्ही केमिस्ट्री शिकत होता. गावातल्या एका दुकानात खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना वाढायचे. तुमचे दोस्त तिथे जाऊन बसणार होते. त्याआधी कितीतरी संध्याकाळी हॉस्टेलच्या तळघरात तालीम चालायची. काहींनी खुर्च्यांवर बसायचं, बाकीच्यांनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, डोक्यावर साखर नाहीतर केचप ओतायचं. ज्यानं हात उचलला किंवा उलट उत्तर दिलं, त्यानं गावात जायचं नाही. तुम्हाला अटक झाली असती तर थेट घरी रवानगी होती, म्हणून तुम्ही कायमचे गुंड. "आणि मी ते इतकं छान करायचो," तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "की माझा रूममेट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही."

धाकटी हसत होती. मी मनात वर्षं जुळवत होतो. तेव्हा मी पुण्यात मामाकडे होतो, आणि आई मला तुमच्या फोटोला बाबा म्हणायला शिकवत होती. मला सायकल मामानं शिकवली. तुम्ही मात्र परक्यांच्या वीस-वीस वर्षांच्या पोरांना, मार खातानाही हात खाली कसे ठेवायचे, ते शिकवत बसला होता. त्या पोरांचाही मला हेवा वाटला. ती पुढे मार खाऊन आली हे माहीत असूनही.

"माझ्यावर पण टाका की थोडी," मी म्हणालो. थट्टेत म्हणालो, माझं सगळं थट्टेतच बाहेर पडतं. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुला कशाला?"

सोमवारी पोलिसांनी तिला उचलून बाहेर नेलं. कुणीतरी काढलेला तिचा फोटो तुम्ही फ्रिजवर लावलात. मी येता-जाता बघायचो. शुक्रवारी पगार झालेली गिऱ्हाइकं मला काउंटरवरून पाकी म्हणायची, आपल्यासारख्या सगळ्यांना इथे हीच शिवी, आणि मी म्हणायचो, "सॉल्ट अँड व्हिनेगर?" त्याचा फोटो कोण काढणार? पुढे लंडनजवळच्या रीडिंग गावात स्टेशनसमोर कॅफेला जागा मिळाली तेव्हा मी धंद्यासाठी जातोय असं सगळ्यांना सांगितलं. अर्धं खरं होतं.

आई गेल्यावर तुम्ही महिनाभर माझ्याकडे राहिलात. सकाळी कॅफेच्या खिडकीशी उंच स्टुलावर बसून लंडनला पळणारी माणसं बघायचात. एक दिवस कुणा सुटातल्या माणसाची ट्रेन रद्द झाली होती, आणि त्याचा बेकन रोल यायला उशीर झाला. काउंटरवर वाकून, आवाज न चढवता, तो मला तुमच्या तालमीतलं तेच सगळं म्हणाला. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "ब्राउन सॉस की रेड, सर?" तो रोल घेऊन गेला. बघतो तर तुम्ही स्टुलावरून उतरलेले, साखरेची काचेची बाटली हातात.

गर्दी ओसरल्यावर तुम्ही विचारलंत, "हे तुला कुणी शिकवलं?"

"गिऱ्हाइकांनी," मी म्हणालो. "तुम्ही कुठे शिकवलंत?"

तुम्ही बाटली जागेवर ठेवलीत. "तिला म्हणताना ते नाटक होतं. तू तेच ऐकून घरी यायचास. मला माहीत होतं. पुन्हा माझ्या तोंडून तुला ऐकवायचं? नसतं जमलं मला." मग म्हणालात, "चहा दे अजून एक. साखर कमी."

मला ते पटलं, बाबा. आजही पटतं. पण पटलं म्हणून हेवा जात नाही. त्या शिव्या मी तुमच्या तोंडून आनंदानं ऐकल्या असत्या, कारण नंतर माझ्याही केसांतून तुमची बोटं फिरली असती.

परवा मंडळी गेल्यावर धाकटी माझ्याबरोबर भांडी पुसत होती. तिनं विचारलं, "दादा, बाबा रीडिंगला होता ना, तेव्हा माझ्या त्या बँकेबद्दल, रिहर्सलबद्दल, काय बोलला कधी?" दर दोन-चार वर्षांनी ती विचारते. मी नेहमीसारखं म्हणालो, "छे गं. दिवसभर गाड्या बघायचे." तिचं तोंड जरा उतरलं.

तुम्ही गेल्यावर तुमचं म्हणून जे काही मागे राहिलंय ते सगळं तिच्या कपाटात आहे. हे पत्र ठेवायचं झालं तर तिथेच ठेवावं लागेल आणि ती ते वाचेल, म्हणून ते कुठेच जाणार नाही. तिच्याकडे तो रविवार आहे, फोटो आहे, सांगायला गोष्ट आहे. कॅफेतली ती एक सकाळ माझ्याकडे आहे, आणि ती मी तिला देणार नाही.